कंदील आधी

पहिल्या दिवशी मुजावर मॅडमनी आम्हाला वॉर्ड दाखवलाच नाही.
मिरजेहून रिक्षात कोंबून हरिपूरला नेलं,
एका बुजत आलेल्या पेवाच्या तोंडाशी.

तिथे ऐनापुरे हमाल उकिडवे बसलेले.
नखं पिवळी. हळदीची, की काविळीची?
मी मनातल्या मनात रक्ताच्या तपासण्या लिहूनही टाकल्या.
ते म्हणाले, "पेव उघडलं की एक दीस तसंच ठिवायचं.
मग दोरीनं कंदील सोडायचा.
इझला, तर माणूस उतरवायचा न्हाई."
तास संपला.
मॅडमनी त्यांना चहा पाजला. आम्हाला नाही.

जानेवारीत एका रात्री सुलभा खोत आली, मणेराजुरीची.
बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या,
तोंडाला फेस, लुगड्याला लसणासारखा वास.
अ‍ॅट्रोपिन. पुन्हा अ‍ॅट्रोपिन.
छातीतली घरघर कोरडी होईपर्यंत
ट्रेमधल्या फुटक्या काचा मी मोजत राहिलो.
पहाटे तिनं पाणी मागितलं
आणि मी बोर्डात आल्यासारखा हसलो.

मॅडम केसपेपर वाचत होत्या.
औषध हा शब्द त्यावर दोनदा आलेला,
एकदा तिला झालेलं, एकदा मी दिलेलं.
"ती मारत होती का औषध?"
नाही, घड विरळत होती.
"मग मारत कोण होतं? वारा कुठला होता?
बाजूच्या ओळीत बाया किती होत्या?
आणि त्या आज कुठं आहेत?"

दुपारच्या एसटीनं गेलो, मांडीवर आईसबॉक्स.
अकरा जणी त्याच बागेत, त्याच ओळींत.
भाकरीची फडकी तारेला अडकवलेली,
पाण्याची कळशी पंपाच्या सावलीत.
तिघींचं डोकं कालपासून दुखतंय.
ऊन लागलं, म्हणाल्या.
मुकादम म्हणाला, पटकन आवरा.

हिराबाईनं दंड पुढे केला, मग आखडला.
"आमी तर चांगल्या हाय. रगत कशाला?"

मला हरिपूर आठवलं. पेवाची गोष्ट सांगायला तोंड उघडलं,
दोरीपर्यंत आलो
आणि थबकलो.
इथे कंदील कुणी सोडलाच नव्हता.
सुलभाच उतरली होती.

"सांगा की," हिराबाई म्हणाली.

मी आधी ती कळशी उचलली,
पंपापासून लांब, बांधावर नेऊन ठेवली.
मग सुई काढली.