सालीचा वास

हर्षलनं पुण्याहून चार बाटल्या आणल्या,
साखरपुड्याच्या कुर्त्यात गुंडाळून.
एकही फुटली नाही.
दोरीला बांधून विहिरीत सोडल्या,
शेजारी पुंजारामच्या दोन,
वरुडच्या दुकानातल्या, स्ट्राँग.
मी मोटार पाहायला आलो होतो,
वायंडिंग जळालं होतं.
पाहून झालं, तरी थांबलो.

पुंजारामनं चष्मा कपाळावर चढवून
लेबल डोळ्याजवळ नेलं:
गहू. धणे. संत्र्याची साल.
"बावा, हे बियर हाय का मसाला?"
ग्लासात ओतली तर गढूळ, पेजेसारखी.
"घोट तोंडात फिरवा मामा,
चव मागून येते."
पुंजारामनं फिरवला, गिळला,
धुऱ्याकडं बघत बसला.
"आली?"
"रस्त्यात असन."

मग त्यानं आपली उघडली, माझ्या पान्ह्यानं.
हर्षलनं एकच घोट घेतला
आणि तोंड असं केलं
जशी बाभळीची शेंग चावली.
"लोखंड लागतं, मामा."
"लागनच. जिनिंगात होतो तवा,
पहिल्या हप्त्याची, दोघात एक,
बर्फाच्या लादीवर ठेवलेली.
घामाची, सरकीची, लोखंडाची,
सारी एकच चव होती थे.
तवापासून थेच पाह्यतो."

हर्षल काही बोलला नाही.
नखानं लेबल खरवडत राहिला.

"तुमचं काय, मिस्त्री?"
मी दोन्ही एकाच ग्लासात प्यायलो होतो,
मधे न विसळता.
मला गार असली की झालं,
हे सांगायची लाज वाटली.
म्हणालो, दोन्ही आपापल्या जागी बऱ्या.
दोघांनीही मान हलवली,
दोघांनाही पटलं नाही.

"कितीची?"
"दोनशे ऐंशी."
"चारी?"
"एक."
पुंजारामनं वर झाडाकडं पाहिलं,
हात लांब करून एक फळ तोडलं,
सोललं,
फोडी आम्हाला दिल्या,
आणि साल आपल्या स्ट्राँगवर दाबून पिळली.
उन्हात बारीक फवारा उडाला.
घोट घेतला.
फिरवला.
बराच वेळ.

"नासली," म्हणाला,
आणि ग्लास संपवला.

साली बकरीनं खाल्ल्या.
चौथी बाटली अजून विहिरीत आहे.
"राहू दे, पाव्हना येईन एखांदा."
मोटार बसवायला गेलो तेव्हा
पाइप सोडण्याआधी
दोरी बाजूला घ्यावी लागली.