मधला टॅप

उद्यमनगरात फाउंड्रीची दुपारची शिट्टी झाली
आणि भूपालची गाडी माझ्या दारात लागली.
फाळक्यावर गुळाचे वाळलेले ओघळ, त्यावर माशा.
केबिनच्या पाठीला कोऱ्या प्लायवूडवर
चार अ‍ॅम्प्लिफायर, गांधीनगरातनं आणलेले;
एकाचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

म्हणाला, मिस्त्री, वर्षात तिसरी बॅटरी गेली.
कंपनीच भिकार.
मी कंपनीला काही बोललो नाही.
पेटी उघडली.

चोवीसची गाडी, बाराचे अ‍ॅम्प.
कुणीतरी दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरनंच
तार ओढून नेलेली.
सोपं काम. अर्ध्या तासाचं, चहा धरून.
खालची एकटी चौघांना पोसत होती,
वरची नुसती बसून.
अल्टरनेटर दोघींना एकाच पळीनं वाढणार,
त्याला काय ठाऊक कोण राबून आलंय.
खालचीचं पोट भरायच्या आत वरची उतू जायची,
टोपणांभोवती पांढरं फुटलेलं.
एक उपासानं मेलेली,
दुसरी अजीर्णाच्या वाटेवर.

इंजिन चालू ठेवून मीटर लावला, त्याला दाखवलं:
हिच्यावर बारा पॉइंट चार,
तिच्यावर पंधरा पॉइंट सहा.
बेरीज अठ्ठावीस.
बेरीज बरोबर येते, म्हणून तर कुणाला कळत नाही.

भूपाल बराच वेळ आकड्यांकडं बघत राहिला.
मग म्हणाला, आमचा आदगोंडा...
आणि पुढं काही बोलला नाही.
वडणग्याला त्यांचं गुऱ्हाळ आहे, एवढं मला ऐकून माहीत.
काहिलीपाशी एक भाऊ, स्टेअरिंगवर एक.

मी पान्हा घेतला.
मधला जोड आधी तोडला.
आता जे काय घ्यायचं ते दोघींकडनं मिळून,
अख्खे चोवीस, आणि मग त्याचे बारा:
दोन कन्व्हर्टर, एकेकावर दोन अ‍ॅम्प.
बॅटरीपासनं वीतभर अंतरावर फ्यूज,
वीतभर म्हणजे वीतभर, हातभर नव्हे.
अंगठ्याएवढी तांबडी तार उजव्या अंगानं,
गाण्याची बारीक तार डाव्या अंगानं,
नाहीतर एकीचं दुसरीच्या कानात जातं.
पत्र्याला भोक पाडलं की रबर बसवायचंच,
तौफिक ते विसरतो आणि शिव्या खातो.

अर्थिंगला चेसीस घासावी लागते.
पेंटरनं तिथं कमळ काढलेलं.
घास म्हटलं.
रंगावर बोल्ट आवळून वीज जात नाही,
चारही काळ्या तारा एकाच उघड्या लोखंडाला,
एकाच बोल्टखाली.
वेगवेगळी माती दिली की गाडी ताणली की शिट्टी येते,
आणि लोक स्पीकरला दोष देतात.

दिवेलागणीला झालं.
मी त्याला आधी काहीच लावू दिलं नाही.
आवाज पूर्ण वर, गाणं नाही, इंजिन सुरू.
ऐक म्हटलं.
काही नाही, म्हणाला.
तेच तर.

मग त्यानं पेन ड्राइव्ह घातला,
समोरच्या वेल्डिंगवाल्याचे पत्रे थरथरले,
माझ्या फळीवरचे स्क्रू चालत जाऊन खाली पडले.
मी फक्त हेडलाइट बघत होतो.
ठोक्याला डोळा मिटला नाही.

पैसे मोजताना विचारलं त्यानं,
हा कन्व्हर्टर स्वतः किती खातो?
थोडं खातो, म्हटलं. गरमही होतो.
मध्ये पडणाऱ्याला तेवढं लागतंच.
मेलेली बॅटरी मी भंगारात लावणार होतो,
तर म्हणाला, राहू दे, नेतो,
आणि क्लीनरच्या सीटवर ठेवली, पोत्यावर.

त्याला गूळ भरायला मार्केट यार्डात जायचं होतं.
कोपऱ्याला उजवीकडं यार्ड.
आवाज डावीकडं गेला, वडणग्याच्या वाटंला,
एक चौक, दुसरा चौक,
आणि अचानक बंद झाला.

तौफिक माझ्याकडं बघायला लागला.
फ्यूज उडालेला नाही, बाबा.
माझं काम आहे ते.
त्यानंच कमी केला असणार.