पोटातला पाहुणा

आयटी पार्कात रात्रीचे अडीच. कूलरचं पाणी आटलेलं,
आणि सर्व्हर पुन्हा पडला.
त्याच्या पोटात आम्हीच उतरवून घेतलेला पाहुणा:
स्वतःची भाषा, स्वतःची स्मृती,
स्वतःचा झाडूसुद्धा घेऊन आलेला.

त्याला झाडायची हुक्की आली
की कळमन्याच्या साऱ्या पावत्या दारात उभ्या.
आठ थ्रेड दिले होते मी.
हा म्हणतो, कुलूप एक, किल्ली एक,
एकानं बोलावं, सातांनी ताटकळावं.

काल तर सावनेरच्या लीलाबाई घोडमारेंचं नाव
काटोलच्या कुणाच्या संत्र्यांवर छापून आलं.
मागच्या गिऱ्हाइकाचं काहीतरी
हा विसरलाच नव्हता.

खेडीकर म्हणाला, "काहून घेतलं त्याले घरात?
बाहेर ठेवलं असतं, खिडकीतून बोललो असतो."
खिडकीतून बोलायला वेळ लागतो,
एवढंच माझ्याकडे उत्तर होतं.

गोळीबार चौकात बाबांचा माग होता.
धागा तुटला की ते हात थांबवत,
चिमटीत गाठ मारत, डोळे मिटून
कापडावरून तळवा फिरवत.
गाठ टोचली तर बोटभर वीण उसवत, पुन्हा विणत.
थ्रेड म्हणजे धागा, एवढं मी त्यांना सांगून ठेवलंय.
परवा फोनवर विचारलं त्यांनी,
"तुये धागे तुले दिसतेत का वं?"

नाही, बाबा.
पडल्यावर फक्त एक लांबलचक आकडा दिसतो,
अशा घराचा पत्ता
जिथं आता कोणी राहत नाही.

उठवते त्याला पुन्हा.
सहाला लिलाव सुरू होतो.