तिसरा आर्बर

हॅलिफॅक्स. शनिवार. टेकडीच्या कडेला
डोरीन अ‍ॅक्रॉइडबाईंची शेड.
मिलिंग मशीन मागच्याच महिन्यात विकलं गेलं.
जमिनीवर बोल्टची चार भोकं
आणि तेल मुरलेला काळा चौकोन.

उरलंसुरलं बिस्किटांच्या डब्यात.
तीन इंची बोअरिंग हेड,
डायलवरच्या रेघा अजून लागतात नखाला.
मागचे आटे मोकळे.
"दांडा तुझा तूच निवड," बाई म्हणतात,
"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

दांडे तीन, तेलकट वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

पहिला मोर्स तीन. टोकाला चपटी जीभ, आत आटे नाहीत.
नुसत्या घर्षणावर धरतो.
सरळ खाली दाबणाऱ्या ड्रिलला चालेल.
पण बोअरिंगचं टूल रेटा देतं आडवा,
आणि मागून ओढून धरणारं कुणी नसलं
की हा ऐन कामात, काही न बोलता, खाली उतरतो.

दुसरा तीस नंबरचा. उतार मोठा,
बार सैल केला की आपणहून सुटतो, हातोडी नको.
गुणाचा आहे. माझ्या स्पिंडलचं तोंड वेगळं, एवढंच.

तिसऱ्यावरचं मेण कुणी काढलेलंच नाही.
आर-एट. खाच कोरी. कागदात दुकानाची पावती,
अकरा वर्षांपूर्वीची.

"पण क्लिफर्डचं मशीन तर मोर्सचं होतं,"
मी बोलून गेले.
"म्हणजे?"
म्हणजे हा त्या मशीनचा नव्हेच, बाई.
त्यांना दुसरं घ्यायचं होतं. मोठं.

पॅराफिनचा हीटर फुरफुरत राहिला.
"मला म्हणाला होता, यंदा शेड रिकामी करतो,
तू टोमॅटो लाव."
मग, जरा वेळाने, "केवढं मोठं?"
मी दोन्ही हात पसरले, मग एक डोक्याच्या वर नेला.
त्यांनी दाराकडे पाहिलं. चौकटीकडे.
"आलंच नसतं आत," म्हणाल्या,
आणि हसता हसता स्टुलावर बसल्या.

चाळीस पौंड दिले. मोर्सवालाही त्यांनी
डब्यात टाकला, "राहू दे, जोडीचा आहे."
जोडीचा नव्हता. मी काही बोलले नाही.

रात्री गॅरेजमध्ये मेण उतरवलं.
कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबू मिस्त्री सांगायचे,
टेपर पुसायचा तळहातानं, पोरी,
फडक्याला कचरा कळत नाही.
स्पिंडलमध्ये बोट फिरवलं. एक कीस लागला,
केसाएवढा. काढला.
खाच सापडेपर्यंत आर्बर चाचपत फिरवला,
ड्रॉबार आवळला,
आणि टूल मध्यापासून दोन थाउ बाहेर सरकवलं.
तेवढं सरकल्याशिवाय ते काहीच कापत नाही.

पहिला कट. हात अजून मेणचट.
अकरा वर्षं जुना वास.