सहा शतांश

सिंदेवाहीच्या रस्त्याला, धानाच्या पोत्यांमागे,
उसन्या तांदळाच्या मिलमधला
बॉयलरचा पंखा आज बंद आहे.
सकाळपासून मी मोटरजवळ उकिडवी,
एक गुडघा कोंड्यात, एक तेलात.
कपलिंगच्या रबरांचा पुन्हा चुरा झालाय,
बुक्का सांडावा तसा फाउंडेशनवर.

मालक तिसऱ्यांदा येऊन गेला.
झाली का सरळ, प्रणोती?
मी म्हटलं, एकदम सरळ काही नसतं, शेठ.
त्याला वाटलं, मी उलट बोलले.

लटारीमामांकडे आले तेव्हा आयटीआयचं सर्टिफिकेट
प्लास्टिकच्या पिशवीत होतं.
त्यांनी ते पाहिलं नाही, माझी नखं पाहिली.
मग डायलचा चुंबक शाफ्टला चिकटवला.
"फिरव. हळू. काटा जे सांगते
त्याच्या अर्धंच खरं धराचं.
माणसाचं नाही सांगून रायलो, काट्याचं सांगतो."

चौदाशे चाळीस फेऱ्यांना सहा शतांश चालते.
एका मिलिमीटरचे शंभर तुकडे, त्यातले सहा.
"तुह्या डोक्यातला केस सात भरन."
मी रात्री घरी खरंच मोजला.
मायक्रोमीटर मामांचा, केस माझा: साडेसहा.
आईचा पाच. पिकलेला होता.

"सहाच का पण, मामा?"
"तेवढं रबर सोसते. बेरिंग सोसते.
त्याच्या वर गेलं का आवाज नाही करत लगेच.
आधी तापते."

पंखा धूर ओढतो. तापला की उठतो,
बारा शतांश, कधी तेरा.
म्हणून थंड असताना मोटर वर ठेवायची,
मुद्दाम चुकीची,
म्हणजे भट्टी पेटल्यावर दोघं बरोबरीत येतात.
कंपनीच्या इंजिनिअरला हे पटलं नव्हतं.
त्याने थंड मशीनवर शून्य आणलं,
शून्याचा फोटो काढला, चहा पिऊन गेला.
आठव्या दिवशी बेरिंग निळं पडलं.

आज चारही बोल्ट सैल केले.
पहिला पाय ठीक, दुसरा ठीक, चौथाही.
तिसरा लंगडा. तो आधीपासूनच लंगडा.
पहार घालून उचलला तर खाली
पत्र्याची गंजकी पट्टी,
दाढीच्या ब्लेडचं अर्धं पान,
आणि त्याच्याखाली एक्स-रे फिल्मचा तुकडा,
बोल्टापुरती खाच कापलेला.

उजेडाकडे धरला. दोन बरगड्या.
कोपऱ्यात वय बावन्न, स्त्री,
आणि ब्रह्मपुरीच्या दवाखान्याचं अर्धं नाव.
त्या साली मामी चार महिने तिथे होत्या
आणि पंखा एक दिवसही बंद पडला नव्हता.

फिल्म दबते. हे त्यांनीच शिकवलेलं:
घाईत काय भेटन ते घाल,
मंग सवडीनं काढ, स्टील टाक.
सवड राहून गेली असेल.
मोजली. कडेला अठरा, पायाखाली पंधरा.
तीन शतांश, इतक्या वर्षांत,
अडीचशे किलोच्या मोटरखाली.

नवी पट्टी कातरली, कडा घासल्या,
बोल्ट आवळले, एक आड एक.
मोटर बारा वर हवी होती, अकरा आली.
आडव्यात काटा नऊ म्हणाला, म्हणजे साडेचार.
आणखी दोन हातोडे मारले असते
तर दोनावर आली असती.
नाही मारले.

म्हटलं, लावा.

भट्टीत कोंडा पडला, धूर वळला.
मोटरच्या पाठीवर मी रुपया उभा केला,
मामा करायचे तसा.
तासाभराने हात लावून पाहिला बेरिंगला,
हात ठेवून दहापर्यंत मोजता आलं.
रुपया जागच्या जागी थोडा फिरला होता,
पडला नव्हता.

मालकाने विचारलं, शून्य?
मी रजिस्टरमध्ये साडेचार लिहिलं
आणि सही केली.

फिल्मचा तुकडा पुसून डब्यात ठेवला,
पट्ट्यांच्या खणात.
अठराच्या नाही, पंधराच्या.