आठ सेकंद

धंतोलीतलं हे तिसरं.
रिसेप्शनवरच्या मुलीनं आधी पाणी दिलं, मग फाइल,
मग म्हणाली, चला मॅडम, बघून घेऊ,
बेसा रोडवर सॅम्पल फ्लॅट दाखवतात तशी.

डिलक्स रूम. सोफा-कम-बेड.
भिंतीवर एक गोरंगोमटं बाळ
कोबीच्या पानात झोपलेलं.
हा पाळणा, हा गिझर,
नातेवाइकांचा चहा पॅकेजमध्येच, दोन वेळा.
प्रफुल्ल मोबाइलवर रकाने भरतोय :
नॉर्मल किती, सिझर किती, पार्किंग आहे का.
मी खिडकी ओढून पाहिली.
उघडत नाही मॅडम, एसी आहे ना.

माझी तारीख नवतपातली.
त्या नऊ दिवसांत आमच्या नळाला
सरळ चहाच टाकावा असं पाणी येतं,
कावळे कूलरच्या जाळीला चोच लावून बसतात,
आणि लाइन जाते. दुपारी जाते, रात्री तर जातेच.
म्हणून विचारलं, जनरेटर?
आहे ना, ऑटोमॅटिक. फक्त आठ सेकंद लागतात.

फक्त.

लेबर रूमच्या दारातून टेबल दिसलं,
हिरवी चादर, चढायला दोन लोखंडी पायऱ्या,
वर तो मोठा दिवा, मान मोडल्यासारखा.
मी मनातल्या मनात तो विझवला
आणि मोजायला लागले.
पाचाला वाटलं कुणीतरी हात धरायला हवा होता.
सातावर मुलगी म्हणाली, या इकडे, हे एनआयसीयू.

तेवढ्यात पडद्यामागून एक बाई ओरडली.
घरात, शाळेत, बँकेच्या काउंटरवर
मी एकदाही ओरडले नाही तसं.
मुलीनं आवाज चढवून
बारशाच्या फोटोंचं सांगायला घेतलं.
आणि आतून दुसरा आवाज, जाड, खर्रा खाल्लेला :
"बोंबल माय, बोंबल. लाजून काऊन राह्यली?
इथं कोन्ती तुही सासू बसली हाय?"

माझी बसली होती. खाली लॉबीत,
गुडघे चढू देत नाहीत म्हणून.

त्या कोण, मी विचारलं.
गजभिये मावशी. नाइटला असतात,
आज डबल ड्युटी आहे त्यांची.
प्रफुल्लच्या रकान्यांत
हे कुठं लिहायचं ते कळेना.

गाडीत बसल्यावर आईला फोन लावला, उमरेडला.
माझ्या वेळेला कसं ठरवलं होतं गं?
ठरवायचं काय त्यात, ती म्हणाली,
रिक्षावाल्यानं नेलं तिकडं गेलो.
मग जरा थांबून :
पैसे पण नाही घेतले त्यानं.
दया नाही, बापा. त्याला पुढचं भाडं होतं, घाईत होता.

रात्री मानेवाड्याला घरी.
तिन्ही फाइली टेबलावर, बेरजा झालेल्या,
तिघांत फरक साडेअकरा हजारांचा.
लाइन गेली.
मी मोजलं. आठाला काही नाही.
पंधराला काही नाही, प्रफुल्ल कुशीवर वळला.
तेविसाला समोरच्या गच्चीवरून
ठवकर काकांनी हाक मारली,
"गेली का तुमच्याकडची पण?"

मी उठले, खिडकी उघडली.
हो, गेली, म्हणाले.
मग परत म्हणाले,
काकांना ऐकू जायला पुरे होतं
त्याहून बरंच मोठ्यानं.