डबल बेल

चिल्लर खाटेवर पुढचे दोन पाय टाकतो,
साडेपाचला.
म्हणजे गाडी फलाटाला लागली.

मी काठी घेतो, चपला शोधतो.
कौसल्या पांघरुणातूनच सांगते,
"डावी त्यानं काल परसात नेली होती, तिथं बघा."
असते तिथंच.
जरा चावलेली, पण असते.

रिटायर झालो त्या संध्याकाळी
कोरेगाव डेपोच्या कँटीनपासून मागं मागं आला.
इलाही शिकलगार, आमचा ड्रायव्हर, म्हणाला,
"घे, एसटीकडनं तुझे सुट्टे परत."
तवापासून चिल्लर.

आता ड्रायव्हर तो. मी मागं, सवयीनं.
पण गाडी कसली चालवतो!
कुणी हात न दाखवता थांबतो:
मैलाच्या दगडाला, विजेच्या खांबाला,
भोईट्यांच्या कडब्याच्या गंजीला दोनदा,
आणि जिथं काहीच नाही तिथं
सगळ्यात जास्त वेळ.
मी म्हणतो, चला, उशीर होतोय.
कशाला, ते मलाही सांगता येत नाही.

कुमठ्याचा रस्ता. समोर जरंडा,
त्याच्या माथ्यावर उन्हाचा पहिला ठिपका,
खाली अजून गारवा.
चैत्राचा गारवा घटकाभराचा,
आठ वाजले की उतरून जातो.
करंजाला पालवी इतकी कोवळी
की पानातून पलीकडचं पान दिसतं.
लिंबाचा मोहर रस्त्यावर सांडलाय,
त्यावरनं चालताना
मी चपला काढून हातात घेतो. कुणी बघत नाही.
व्हले घुमतायत. कुठंतरी मळणी मशीन
घसा साफ करतंय.

चिल्लरनं तितर उठवला.
तितर गेला बांधापल्याड,
हा गेला काढलेल्या शाळूच्या धसकटात, कान मागं,
आणि परत आला तो असा
की जणू त्यानंच तितराला सोडून दिला.
मग ओढ्यातल्या उरल्यासुरल्या डबक्यात
पोट टेकून बसला. डोळे मिटून.
एवढं सुख मी पगाराच्या दिवशीही बघितलेलं नाही.

सावरीची बोंडं फुटलीयत.
एक म्हातारी उडत उडत आली
आणि त्याच्या ओल्या नाकावर बसली.
पंच्याहत्तरीच्या पुढची असणार, फुकट प्रवास.
तो शिंकला. ती उतरली.

आणि वळणावर हा पांगारा.
एक पान नाही, नुसता लाल,
त्यात साळुंक्यांचं भांडण.
एकतीस वर्षं मी याच रस्त्यानं गेलो,
दिवसाला चार फेऱ्या.
बुंध्याला हात लावून बघितलं, दोन कवेत मावेना.
म्हणजे होता. दर चैत्राला होता.
माझी पाठ खिडकीकडं,
तोंड आत, जिभेवर "पुढं सरका, पुढं सरका",
डोळे पोरांच्या पासवर.
कुणी म्हणालं का कधी, "कंडक्टर, बाहेर बघा"?
म्हणालंही असेल. मी म्हणालो असेन,
सुट्टे द्या.

तेवढ्यात पहिली गाडी आली.
मी काठीनं चिल्लरला पांगारा दाखवत होतो,
आणि ड्रायव्हरला वाटलं, हात केला.
ब्रेक. धूळ. दार उघडलं.
नव्या कंडक्टरबाई, मानेपर्यंत मशीनमध्ये.
"कुठं जायचं, आजोबा?"
"कुठं नाही. ते बघा."
"काय?"
"ते."

त्यांनी मान वर केली.
खिडक्यांतनं चार-पाच डोकी बाहेर आली,
एक दुधाच्या किटलीसकट.
कुणी काही बोललं नाही.
साळुंक्याही जरा गप्प झाल्या, किंवा मला तसं वाटलं.
मग बाई हसल्या, म्हणाल्या, "रोज जातो की इथनं!"
आणि दोरी ओढली.

टण टण.

त्या आवाजाला माझा पाय आपोआप
पायरीसाठी उचलला गेला. खाली ठेवला.
धूळ बसली. अंगठ्याला मोहर चिकटलेला.
चपला हातातच.
एक बहुतेक ओढ्याजवळ राहिली.

नाही, चिल्लरच्या तोंडात आहे.
तो पुढच्या दगडापाशी उभा,
मागं वळून बघतोय
प्रवासी येतोय का.